१३७ नंबरची खोली

बारावीच्या केमिस्ट्रीत आपण सगळ्यांनी एक नियम घोकलेला असतो. एका अणूतल्या कुठल्याही दोन इलेक्ट्रॉन्सचे चारही क्वांटम नंबर सारखे असू शकत नाहीत. दोन मार्कांचा हमखास प्रश्न! चौकोन काढायचे, प्रत्येकात एक बाण वर आणि एक बाण खाली, शेजारी लिहायचं पाउलीज एक्सक्लूजन प्रिन्सिपल, की झालं काम. हा पाउली कोण, कुठला, कसा जगला आणि कसा गेला, हे विचारायला सिलॅबसमध्ये जागाच नसते. त्याच्या हुशारीची आणि तिरकसपणाची गोष्ट मोठी मजेदार आहे. त्याच्या जाण्याची गोष्ट मात्र फक्त दहा दिवसांची आहे, आणि ती एकदा वाचली की डोक्यातून जात नाही. म्हणून हा लेख.

व्हिएन्ना ते म्युनिक

वोल्फगांग अर्न्स्ट पाउलीचा जन्म २५ एप्रिल १९०० चा, व्हिएन्ना शहरातला. घर चांगलं शिकलेलं. वडील डॉक्टर, पुढे रसायनशास्त्राकडे वळले आणि युनिव्हर्सिटीत प्रोफेसर झाले. आई बेर्टा लेखिका आणि पत्रकार. धाकटी बहीण हेर्टा पुढे नटी आणि लेखिका झाली. पाउलीच्या नावातला 'अर्न्स्ट' आला तो अर्न्स्ट माख या शास्त्रज्ञावरून. हे वडिलांचे स्नेही आणि पोराचे धर्मपिता. मेकॅनिकलवाले ज्याचा मॅक नंबर शिकतात, तेच हे माख. एवढा मोठा माणूस बारशालाच हजर म्हटल्यावर पोरगं साधं कसं निघणार?

शाळेत कंटाळवाण्या तासाला बाकाखाली आइनस्टाईनचे पेपर ठेवून तो वाचत बसायचा, असं सांगतात. आपणही बाकाखाली बरंच काही वाचतो, पण ते सोडा. १९१८ साली शाळा संपली आणि दोनच महिन्यांत त्याने जनरल रिलेटिव्हिटीवरचा आपला पहिला पेपर तयार केला. मग म्युनिकला आर्नोल्ड सोमरफेल्ड यांच्याकडे शिकायला गेला. तिथे त्याचं टाइमटेबल आपल्या हॉस्टेलला शोभेल असं होतं. संध्याकाळ कॅफेत, रात्रभर अभ्यास, आणि सकाळच्या लेक्चरला दांडी. दुपारी उगवायचा. सोमरफेल्ड सरांनी हे चालवून घेतलं, कारण पोरगं काय चीज आहे हे त्यांना कळलं होतं. (हा पॅरेग्राफ आपल्या एच.ओ.डीं.ना दाखवून अटेंडन्स मागू नये. त्याच्याकडे दाखवायला पेपर होते.)

१९२१ साली, एकविसाव्या वर्षी डॉक्टरेट. त्याच वर्षी सोमरफेल्डनी सोपवलेल्या ज्ञानकोशासाठी त्याने रिलेटिव्हिटीवर दोनशेहून जास्त पानांचा लेख लिहिला. खुद्द आइनस्टाईननी त्याची तोंडभरून स्तुती केली. एवढ्या लहान वयाच्या माणसाने हे लिहिलंय यावर वाचणाऱ्याचा विश्वास बसणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा सूर होता. आपल्याला या वयात सेमिनार रिपोर्टची वीस पानं भरवताना घाम फुटतो.

डबल शेअरिंगचा नियम

पुढे गॉटिंगेनला मॅक्स बॉर्न, कोपनहेगनला नील्स बोर अशा दिग्गजांकडे काम करून तो हॅम्बुर्गला आला. तिथे १९२५ साली त्याने तो नियम मांडला. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक ऑर्बिटल म्हणजे डबल शेअरिंगची रूम. दोघंच राहणार, आणि तेही एकमेकांच्या उलट स्पिनचे. तिसरा आला तर त्याला वरच्या मजल्यावर जावं लागणार, मग चढायला कितीही एनर्जी लागो.

दिसायला एवढासा नियम, पण जग उभं आहे त्यावर. पिरिऑडिक टेबलचा आकार, मूलद्रव्यांचे गुणधर्म, सेमिकंडक्टरमधले एनर्जी बँड, सगळं त्यातून येतं. तुम्ही बसलेल्या खुर्चीतून खाली पडत नाही, त्यातही त्याचा वाटा आहे. आपल्या चंद्रशेखरनी १९३० साली बोटीवर बसून पांढऱ्या बटू ताऱ्यांचं जे गणित मांडलं, त्याच्या मुळाशीही हाच नियम होता. या कामाला नोबेल मिळायला १९४५ साल उजाडलं. म्हणजे वीस वर्षं. नॉमिनेशन आइनस्टाईन यांचं.

गंमत म्हणजे याच पाउलीने १९३१ साली आपल्या असिस्टंटला पत्रातून बजावलं होतं की सेमिकंडक्टरच्या भानगडीत पडू नकोस, तो सगळा घाणेरडा गोंधळ आहे, आणि असं काही असतं की नाही तेही ठाऊक नाही. ई अँड टी.सी.वाल्यांनी मनाला लावून घेऊ नये!

देवाचा चाबूक

पाउलीची जीभ प्रसिद्ध होती. समोरच्याचा पेपर भिकार असेल तर तो तोंडावर सांगायचा. एका पेपरबद्दल तर त्याचं म्हणणं असं होतं की याला चूक म्हणण्याचीही याची लायकी नाही. एरनफेस्ट या त्याच्या मित्राने त्याचं नाव 'देवाचा चाबूक' ठेवलं होतं, आणि पाउलीला ते आवडायचं. पण लोक पेपर छापण्याआधी मुद्दाम त्याच्याकडे पाठवायचे. पाउलीच्या हातून सुटला म्हणजे पेपर पास, अशी ती एक्स्टर्नल ओरल होती.

या चाबकाने कधी चुकीच्या पाठीवरही वळ उठवले. १९२५ च्या सुरुवातीला राल्फ क्रोनिग नावाच्या तरुणाने इलेक्ट्रॉन स्वतःभोवती फिरतो ही कल्पना त्याला सांगितली. पाउलीने ती उडवून लावली. बिचाऱ्या क्रोनिगने काही छापलंच नाही. त्याच वर्षी दुसऱ्या दोघांनी, उलेनबेक आणि गाउडस्मिट यांनी, तीच कल्पना छापली आणि स्पिन त्यांच्या नावावर गेला. मोठ्या माणसाचा नकार लहान माणसाला किती महाग पडतो, याचं हे उदाहरण. गाईड सरांनी नाही म्हटलेल्या प्रोजेक्ट आयडिया निदान वहीत लिहून ठेवाव्यात, हे मी यातून शिकलो.

आणि हो, पाउली इफेक्ट! पाउली पक्का थिअरीवाला. तो लॅबच्या जवळपास आला की उपकरणं बिघडतात, अशी ख्याती पसरली होती. हॅम्बुर्गच्या ओट्टो श्टेर्नने तर जिवलग मित्र असूनही त्याला आपल्या लॅबमध्ये पाऊल टाकायला बंदी केली होती. एकदा गॉटिंगेनच्या लॅबमध्ये काही कारण नसताना मोठं उपकरण फुटलं. पाउली तिथे नव्हता, म्हणून सगळ्यांना नवल वाटलं. नंतर कळलं की नेमक्या त्याच वेळी त्याची आगगाडी गॉटिंगेन स्टेशनात थांबली होती! एका समारंभात पोरांनी तो आत शिरताच झुंबर खाली येईल अशी दोरी बांधून ठेवली. पाउली आला, दोरी अडकली, झुंबर जागचं हललं नाही. पाउली इफेक्टने पाउली इफेक्टची नक्कलही बंद पाडली. हे किस्से कितपत खरे ते जाऊ दे, पण पाउलीचा स्वतःचा मात्र यावर विश्वास होता.

काळी वर्षं

वरून हसणाऱ्या या माणसाच्या घरात मात्र अंधार पडत होता. वडिलांचं दुसऱ्या स्त्रीशी नातं जुळलं आणि नोव्हेंबर १९२७ मध्ये आईने विष घेऊन जीवन संपवलं. पाउली सत्तावीस वर्षांचा होता. पुढच्या वर्षी वडिलांनी दुसरं लग्न केलं, नवी बाई जवळपास पाउलीच्याच वयाची. त्याच वर्षी त्याला झुरिकच्या ई.टी.एच. या नामांकित टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये प्रोफेसरची जागा मिळाली. करिअर वर चाललं होतं, माणूस खाली. डिसेंबर १९२९ मध्ये त्याने केटे डेपनर नावाच्या नर्तकीशी लग्न केलं. ते वर्षभरही टिकलं नाही. नोव्हेंबर १९३० मध्ये घटस्फोट झाला. दारू वाढली, भांडणं वाढली.

आणि याच काळात त्याने आयुष्यातलं दुसरं मोठं काम केलं. बीटा डिकेमध्ये एनर्जीचा हिशेब जुळत नव्हता. बोरसारखी माणसंसुद्धा एनर्जीचा नियमच मोडीत काढायला निघाली होती. ४ डिसेंबर १९३० ला पाउलीने ट्यूबिंगेनला जमलेल्या शास्त्रज्ञांना पत्र धाडलं. कुणाला न दिसणारा, चार्ज नसलेला एक हलका कण ही उरलेली एनर्जी घेऊन पसार होत असावा, असं त्यात सुचवलं होतं. आपण स्वतः येऊ शकत नाही, कारण झुरिकला एका बॉल डान्सला हजर राहणं गरजेचं आहे, असंही कळवलं होतं! पुढे फर्मीने या कणाला न्यूट्रिनो हे नाव रूढ केलं.

डान्सला जाऊन मन थोडंच थाऱ्यावर येतं? शेवटी १९३२ साली पाउलीने मदत मागितली. झुरिकजवळच कार्ल युंग हे मनोविश्लेषक राहत. युंगनी आधी त्याला आपल्या एका शिष्येकडे, एर्ना रोझेनबाउम यांच्याकडे पाठवलं, मग स्वतः उपचार केले. पाउलीने हजाराहून जास्त स्वप्नं लिहून काढली. माणूस हळूहळू सावरला, आणि दोघांची पत्रमैत्री पुढे पंचवीसएक वर्षं टिकली. जगातल्या सगळ्यात तिखट डोक्याच्या माणसालाही मन दुखतंय म्हणून कुणाकडे तरी जावंसं वाटलं आणि तो गेला. हॉस्टेलमध्ये दार लावून बसणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

फ्रँका

एप्रिल १९३४ मध्ये पाउलीने फ्रँका बेर्टरामशी लग्न केलं. हे लग्न शेवटपर्यंत टिकलं. मूलबाळ झालं नाही. जेवणाखाण्याचं, प्रवासाचं, मूडचं सगळं फ्रँका सांभाळायची.

या झुरिकच्या दिवसांत तिथे काम करून गेलेल्यांमध्ये एक मुंबईचा तरुण होता, होमी भाभा. ओळख टिकली, आणि पुढे १९५२ च्या अखेरीस पाउली दांपत्य भारतातही येऊन गेलं.

१९३८ साली हिटलरने ऑस्ट्रिया गिळला. पाउलीच्या वडिलांचं मूळ घराणं ज्यू, त्यामुळे तो एका रात्रीत धोक्यातला जर्मन नागरिक झाला. स्वित्झर्लंडने नागरिकत्व नाकारलं. वडील व्हिएन्नाहून पळून झुरिकला आले, बहीण फ्रान्समार्गे अमेरिकेला पोचली. १९४० साली पाउली आणि फ्रँकाही अमेरिकेत प्रिन्स्टनला गेले. बरेच सहकारी अणुबॉम्बच्या कामाला लागले, पाउली गेला नाही. नोबेल मिळालं तेव्हा तो स्टॉकहोमलाही गेला नाही, म्हणून प्रिन्स्टनलाच समारंभ झाला. तिथे आइनस्टाईन उत्स्फूर्त बोलले. बाप आपला वारसा मुलाच्या हाती देतो तसं ते बोलणं पाउलीला वाटलं, आणि ते तो कधी विसरला नाही. १९४६ साली तो झुरिकला परतला. १९४९ साली स्विस नागरिकत्वही मिळालं.

१९५५ च्या एप्रिलमध्ये आइनस्टाईन गेले, नोव्हेंबरमध्ये वडील गेले. एका वर्षात दोन्ही बाप गेले म्हणा ना. मात्र १४ जून १९५६ ला अमेरिकेहून राइन्स आणि कोवान यांची तार आली. न्यूट्रिनो सापडला! आपण कुणालाच सापडणार नाही असा कण कल्पून पाप केलंय, असं पाउली म्हणायचा. पंचवीस वर्षांनी ते पाप फिटलं.

दहा दिवस

१९५८ हे वर्ष कटकटीचं गेलं. विद्यार्थिदशेपासूनचा मित्र हायझेनबर्ग याच्याबरोबर त्याने एक मोठी थिअरी उभारायला घेतली होती, मग त्यातून अंग काढून घेतलं आणि जुलैत जिनिव्हाला भर सभेत तिच्यावर झोड उठवली.

शुक्रवार, ५ डिसेंबर १९५८. दुपारचं लेक्चर चालू असताना पाउलीच्या पोटात जोराची कळ आली. त्याला घरी नेलं. दुसऱ्या दिवशी झुरिकच्या रेडक्रॉस हॉस्पिटलमध्ये भरती केलं. असिस्टंट चार्ल्स एन्झ भेटायला गेला तर पाउली अस्वस्थ दिसला. खोलीचा नंबर पाहिलास का, असं त्याने एन्झला विचारलं. एन्झने पाहिला नव्हता. नंबर होता १३७. आता आपण इथून जिवंत बाहेर पडत नाही, असं पाउलीने त्याला सांगितलं.

१३७ मध्ये एवढं काय? इलेक्ट्रॉनचा चार्ज, प्लँकचा स्थिरांक आणि प्रकाशाचा वेग एका सूत्रात घातले की सगळी युनिट्स कटतात आणि एक नुसता आकडा उरतो. जवळजवळ एक भागिले १३७. त्याला फाइन स्ट्रक्चर कॉन्स्टंट म्हणतात. तो १९१६ साली फिजिक्समध्ये आणला पाउलीच्याच सरांनी, सोमरफेल्डनी. तो १३७ च का, १३० किंवा १५० का नाही, हे पाउलीला आयुष्यभर छळत होतं. आजही ते कुणी सिद्ध करून दाखवलेलं नाही. आणि तोच आकडा दारावर!

१३ डिसेंबरला ऑपरेशन झालं. पोट उघडल्यावर डॉक्टरांना स्वादुपिंडाची मोठी गाठ दिसली. काढण्यापलीकडे गेलेली. १५ डिसेंबरला पाउली गेला. वय अठ्ठावन्न. लेक्चरमधल्या कळेपासून मोजून दहा दिवस.

नंबराचा योगायोग सोडून द्या. खोली १३६ असती तरी काही वेगळं झालं नसतं. हा कॅन्सरच तसा आहे. स्वादुपिंड जठराच्या मागे दडलेलं असतं, बाहेरून हाताला लागत नाही. गाठ बरीच वाढेपर्यंत फारसं दुखत नाही, आणि दुखलं तरी ॲसिडिटी किंवा पाठदुखी वाटते. भूक कमी होणं, वजन उतरणं, पोटातून पाठीकडे जाणारी कळ, कावीळ, अचानक लागलेला डायबेटिस, अशी लक्षणं असतात. १९५८ साली तर सीटी स्कॅन नव्हताच, पेशंटचा पहिला सीटी स्कॅन १९७१ चा. पोट उघडल्याशिवाय नक्की कळायचं नाही. आज स्कॅन आहेत, औषधं आहेत, तरी अमेरिकेसारख्या देशातही निदानानंतर पाच वर्षं जगणारे शंभरातले तेराच्या आसपास. कारण तेच, उशिरा कळतं.

आमच्या विंगमधल्या एका मित्राचे वडील गेल्या वर्षी याच रोगाने गेले. गणपतीत तो घरी गेला तेव्हा बाबा थोडे वाळलेले दिसले, जेवण जात नाही म्हणाले. दिवाळीनंतर निदान झालं. एण्ड सेमच्या आधी सगळं आटोपलं होतं. त्याला सगळ्यात जास्त बोचतं ते हे, की निरोपाचं बोलायला वेळच मिळाला नाही. आजारपण म्हणजे लांबलचक काहीतरी असतं, त्यात हळूहळू तयारी होते, असं आपण धरून चालतो. इथे तयारी होत नाही. फ्रँकाचीही झाली नसणार. शुक्रवारी सकाळी नवरा कॉलेजला शिकवायला गेला होता.

मागे राहिलेल्यांनी काय केलं

फ्रँका नवऱ्यामागे जवळजवळ तीस वर्षं जगली. १९८७ मध्ये ती गेली. या काळात तिने एक काम केलं. पाउली छापायचा कमी आणि पत्रं लिहायचा फार. त्याचं निम्मं फिजिक्स त्या पत्रांत पडलेलं होतं, जगभरच्या लोकांच्या कपाटांत. फ्रँकाने ती जमवण्यासाठी धडपड केली आणि नवऱ्याचे सगळे कागद जिनिव्हाच्या सर्न या संस्थेला देऊन टाकले. आज तिथे पाउलीच्या कागदांचा संग्रह आहे. पत्रांचे जाडजूड खंड निघाले. सेमिकंडक्टरला काय नावं ठेवली, हे आपल्याला कळतं ते त्यामुळे. माणूस दहा दिवसांत गेला, पण बाईने त्याचा शब्द हरवू दिला नाही.

आणखी एक गोष्ट. १९२४ साली पाउलीने सुचवलं होतं की अणूच्या केंद्रकालाही स्पिन असावा. स्पेक्ट्रममधल्या बारीक रेषांसाठी ते हवं होतं, एवढंच. आज एम.आर.आय. मशीन चालतं ते याच केंद्रकाच्या स्पिनवर. मोठ्या चुंबकात माणसाला सरकवायचं, शरीरातल्या हायड्रोजनच्या केंद्रकांना रेडिओ लहरींनी टिचकी मारायची आणि ती परत काय सिग्नल देतात ते ऐकायचं. पोट न फाडता स्वादुपिंड पाहायचं तर जे मार्ग आहेत त्यातला हा एक. पाउलीला तो मिळाला नाही. त्याच्या चोवीस सालच्या कल्पनेवरून पुढे ज्यांनी मशीन बनवलं, त्यात फिजिक्सवाले होते तसे इलेक्ट्रिकल, मेकॅनिकल आणि कॉम्प्युटरवालेही होते. स्वादुपिंडाचा कॅन्सर लवकर पकडणारी सर्वांसाठीची साधी टेस्ट अजून निघालेली नाही. तो प्रॉब्लेम आपल्या पिढीसाठी शिल्लक आहे, आणि तो एकट्या डॉक्टरांचा नाही.

तोवर हातातलं एक काम आहे. या रविवारी घरी फोन कराल तेव्हा पैसे कधी टाकताय एवढंच विचारू नका. जेवण जातंय का, वजन कमी झालंय का, पाठ अजून दुखते का, तेही विचारा. काही वाटलं तर डॉक्टरकडे जायला लावा. बहुतेक वेळा ती ॲसिडिटीच निघेल, घाबरायचं कारण नाही. आणि फोन ठेवायची घाई करू नका.